पाऊस पडणारा पिक्चर पुन्हा कसा पाहावा

सामना हा पिक्चर मी एकवीस रात्री दाखवला आणि एकदाही पाहिला नाही.

लोक हसतात हे ऐकून. पण टुरिंग टॉकीजच्या कोणत्याही ऑपरेटरला विचारा, तो हेच सांगेल. 1978 ते 1986 अशी आठ वर्षं मी अमरावती-अकोल्याकडच्या जत्रांमधून तंबूत मशीन चालवलं. मशीन एकच. त्यात कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर जळायच्या आणि त्यांच्या मधल्या ज्योतीचा उजेड पडद्यावर जायचा. कांड्या जळून आखूड झाल्या की मधली फट वाढते, पडदा मंद पडतो आणि तंबूतून पहिली शिटी येते. म्हणून एक डोळा काळ्या काचेतून ज्योतीवर, एक हात कांड्या जवळ आणणाऱ्या चकरीवर. उरलेला डोळा फिल्म गेटमधून, म्हणजे भिंगामागच्या खिडकीतून, नीट सरकते का यावर. मशीनची घरघर एवढी की समोर निळू फुले आणि डॉ. लागू काय बोलतात ते ओठांवरून ओळखायचं.

आमचा दारवाला माझ्या बरोबर उलटा. तो कनातीच्या तोंडाशी बॅटरी घेऊन उभा, पाठ पडद्याकडे, तोंड रस्त्याकडे, फुकटे आत घुसू नयेत म्हणून. त्यानं सगळे पिक्चर ऐकले, पाहिला एकही नाही. त्याला आजही पानंच्या पानं संवाद पाठ आहेत, पण ते कोणाच्या तोंडचे हे विचारू नका.

आता दोघंही साठीच्या पलीकडे. मूर्तिजापूर तालुक्यात एकाच गावात घरं. चार वर्षांपासून महिन्यातून एक जुना, लोकांनी विसरलेला पिक्चर आम्ही आमच्या ओसरीत पाहतो, आणि तो आज टिकतो की नाही यावर भांडतो. सुरुवातीला दोघंच होतो, आता पंधरा-वीस माणसं जमतात. बाजूच्या गावातल्या पोरांनी विचारलं, काका, तुम्ही कसं करता ते लिहून द्या. ते हे.

पिक्चर कोणता घ्यायचा

पहिली चूक सगळे हीच करतात. आवडता पिक्चर घेतात. जो तुम्हाला तोंडपाठ आहे, ज्याच्या आधीच टाळ्या वाजतात, तो टिकला की नाही हे तुम्हाला कधीच कळणार नाही. तुम्ही पिक्चर पाहतच नसता, स्वतःचं सतरावं-अठरावं वर्ष पाहत असता. ते सुखाचं असतं, नाही म्हणत नाही, पण ते काम वेगळं.

माझ्याकडे गल्ल्याची एक वही आहे. कोणत्या गावाला, कोणत्या रात्री, किती तिकिटं. पान ओलांडून जाणारे आकडे तमाशापटांचे आणि दादा कोंडक्यांचे. ज्या पिक्चरच्या नावापुढं एका रात्रीचा आकडा आणि मग नुसती रेघ, तो मी निवडतो. रेघेचा अर्थ असा की लोक अर्ध्यातून उठले आणि दुसऱ्या दिवशी मालकानं पेटी बदलली.

तुमच्याकडे अशी वही नसणार. मग दोन वाटा आहेत. एक, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, "कोणत्या पिक्चरातून उठून आले होते?" आवडलेल्याबद्दल विचाराल तर सगळे तीच चार नावं घेतात. उठून आलेल्याबद्दल माणूस खरं सांगतो, आणि का उठला तेही सांगतो. बहिरमच्या जत्रेत एका पिक्चरातून आख्खी रांग उठली होती. पिक्चर चांगला होता. बाजूच्या तंबूत ढोलकी सुरू झाली होती, एवढंच.

दुसरी वाट, गाणं सगळ्यांना येतं पण पिक्चर कोणालाच आठवत नाही असं काही शोधा. "काळ्या मातीत मातीत तिफण चालते" हे आमच्याकडे लग्नात वाजतं, शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरी त्यावर नाचतात. लिहिलं अकोल्याच्या विठ्ठल वाघांनी, संगीत अनिल-अरुण. पण ते अरे संसार संसार या 1981 च्या पिक्चरमधलं आहे हे ओसरीत बसलेल्या वीस जणांपैकी तिघांना माहीत होतं, आणि त्या तिघांत मी धरलेला आहे.

सुरुवातीला घ्यायला तीन नावं सांगतो: देवकीनंदन गोपाला (1977), अरे संसार संसार (1981), शापित (1982). वहीत तिघांपुढंही रेघ आहे. तिन्हींचे दिग्दर्शक राजदत्त, शापितला सोबत अरविंद देशपांडे. राजदत्त मूळचे आपल्या विदर्भातले. 2024 साली त्यांना पद्मभूषण मिळालं तेव्हा पेपरमधला फोटो पाहून दारवाला म्हणाला, "हे आपलेच मानूस होये? आन आपन यायचे तीन पिक्चर पाडले!" खरं आहे. नावं पडद्यावर येत तेव्हा आमच्या तंबूत लोक चपला शोधत असत.

प्रत पूर्ण आहे की कापलेली

इथं थोडं जास्त सांगतो, कारण हे मला येतं आणि सहसा कोणी सांगत नाही.

जुना पिक्चर आज मोबाईलवर, यूट्यूबवर फुकट मिळतो. पण जे मिळतं ते पूर्ण असेलच असं नाही. कोणी टीव्हीच्या वेळेत बसवायला कापलेलं असतं, कोणी दोन गाणी उडवलेली असतात, कुठं मधलं एक रीळच नसतं. मग तुम्ही म्हणता, पिक्चर तुटक वाटला, दिग्दर्शकाला जमलं नाही. तुटक पिक्चर नव्हता, प्रत होती.

तपासायची सोपी युक्ती आहे. आपल्याकडच्या पिक्चरच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं. सगळे ते पुढं ढकलतात. ढकलू नका, तिथं थांबवा. त्यावर पिक्चरची लांबी मीटरमध्ये लिहिलेली असते. 35 मिलिमीटरची फिल्म सेकंदाला 24 चित्रं या वेगानं चालते. एका फुटात 16 चित्रं बसतात. म्हणजे दीड फूट फिल्म म्हणजे एक सेकंद, 90 फूट म्हणजे एक मिनिट. मीटरमध्ये धरलं तर मिनिटाला 27.4 मीटर.

समजा प्रमाणपत्रावर 4,000 मीटर आहे. त्याला 27.4 नं भागा. 146 मिनिटं येतात. आता तुमच्या मोबाईलवर पिक्चर किती मिनिटांचा दाखवतो ते पाहा. 146 च्या आसपास असेल तर बेफिकीर बसा. 140 असेल तरी घाबरू नका, तो कापलेला नाही, पळवलेला आहे. आपल्याकडची जुनी टीव्ही सेकंदाला 25 चित्रं दाखवायची, त्यामुळे टीव्हीसाठी उतरवलेली प्रत चार टक्के लवकर संपते आणि आवाज किंचित बारीक होतो. पण 125 भरला तर समजा, कोणीतरी वीस मिनिटं खाल्ली आहेत. दुसरी प्रत शोधा. अगदी जुन्या पिक्चरची लांबी फुटांत दिलेली दिसेल, मग 90 नं भागायचं.

प्रमाणपत्रच कापलेलं असेल तर? तर बहुतेक पुढंही कात्री लागलेली असते. हा माझा अंदाज आहे, नियम नाही.

आणि पावसाचं. फिल्म वर्षानुवर्षं मशीनमधून गेली की तिच्यावर उभे ओरखडे पडतात, पडद्यावर पाऊस पडल्यासारखं दिसतं. नवी प्रिंट आधी मोठ्या शहरात, मग अमरावतीत, मग तालुक्याला, आणि काही वर्षांनी आमच्या तंबूत. तोवर तिच्यावर मुसळधार. एका दुष्काळाच्या वर्षी आमच्या तंबूत एक म्हातारा मोठ्यानं बोलला होता, "बाहीर नाई पडून राह्यला, इथं तरी पडू द्या!" आख्खा तंबू हसला. सांगायचं काय, तर पावसामुळे पिक्चरला वाईट म्हणू नका. पंधरा मिनिटांत डोळ्यांना सवय होते. आवाजातली खरखर जास्त त्रास देते, त्याचा उपाय पुढं आहे.

भिंत, टीव्ही, आवाज

तूर निघाल्यावर, माघ-फाल्गुनात पाहा. कापूस वेचणीच्या दिवसांत माणूस आठ वाजता डुलक्या घेतो आणि मग जुना पिक्चर संथ आहे म्हणतो. लाईन जाण्याची वेळ माहीत करून घ्या. आमच्याकडे शेतातली थ्री फेज रात्रीची असते त्या आठवड्यात निम्मे प्रेक्षक ओलिताला गेलेले असतात, म्हणून तो आठवडा आम्ही सोडतो.

पुतण्याचा छोटा प्रोजेक्टर आणि चुन्यानं पांढरी केलेली भिंत आम्हाला पुरते. टीव्ही असेल तर दोन गोष्टी करा. रुंद टीव्हीवर जुना पिक्चर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडून दिसतो, ते बरोबर आहे. पोरं लगेच रिमोट घेऊन चित्र ताणतात, जागा भरावी म्हणून. ताणू देऊ नका. 1936 चा संत तुकाराम आम्ही पहिल्यांदा ताणून पाहिला तर विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा चांगले खाऊनपिऊन असलेल्या सावकारासारखे दिसायला लागले. ताणण्याऐवजी झूम केलं तर डोक्यावरची पागोटी कापली जातात. दुसरं, सेटिंगमध्ये मोशन अशा नावाचं काही असेल तर बंद करा. त्यानं पिक्चर गुळगुळीत होऊन सिरियलसारखा दिसतो.

आवाजाचं: जुन्या पिक्चरचा आवाज एकाच वाटेनं यायचा, आमच्याकडे पडद्यामागं एकच भोंगा असे. म्हणून दोन कोपऱ्यांत दोन बॉक्स ठेवू नका, एकच बॉक्स भिंतीच्या मधोमध खाली ठेवा. आवाज माणसाच्या तोंडातून आल्यासारखा वाटतो. वरातीच्या डीजेचा बॉक्स आणला असेल तर बास पूर्ण उतरवा, नाही तर संवादाचं पिठलं होतं. खरखर जास्त असेल तर वरची पट्टी, म्हणजे ट्रेबलही थोडी उतरवा.

सोबतीला कोण

एकट्यानं पाहू नका. मला तीन माणसं लागतातच: एक त्या काळात मोठं असलेलं, एक पडद्यावरचं काम ज्याच्या हाताला माहीत आहे असं, आणि एक शाळेतलं पोर ज्याला काहीच माहीत नाही. पोराला आधी गोष्ट सांगायची नाही. "हे फार भारी होतं आमच्या वेळी" हे वाक्य तर कोणीच बोलायचं नाही, बोलला तो चहा करतो.

पहिली वीस मिनिटं निकाल द्यायचा नाही. आमचं पहिलं रीळ लोक येण्यातच जायचं. बैलबंड्या सुटायच्या, बैल बांधायचे, बायका पोरं शोधायच्या. त्या काळचा पिक्चर घाईनं गोष्ट सुरू करत नसे आणि ते बरंच होतं. आज तुम्ही वेळेवर बसलेले असता, म्हणून ती वीस मिनिटं लांब वाटतात.

देवकीनंदन गोपालाला आम्ही माझ्या आत्याला आणलं. वय 86. तिनं गाडगेबाबांना पौष महिन्यातल्या एका रविवारी ऋणमोचनच्या जत्रेत प्रत्यक्ष पाहिलंय. ते 1956 साली गेले, त्याच्या वर्ष-दोन वर्षं आधीची गोष्ट. दिवसा गाव झाडणारे, रात्री कीर्तन करणारे बाबा पडद्यावर डॉ. श्रीराम लागूंनी केलेत. आता गंमत पाहा, हे लागू म्हणजे कान-नाक-घशाचे डॉक्टर, आणि "देवाला रिटायर करा" असं उघड लिहिणारा माणूस. मी आत्याला हे सांगितलं नव्हतं. ती सुरुवातीला दोन्ही हात जोडून बसली. मग हात सुटले. कीर्तनाच्या वेळी मी पाहिलं तर तिचे डोळे बंद. वाटलं झोपली. पिक्चर संपल्यावर विचारलं तर म्हणाली, "डोये मिटले तं बाबा. उघडले तं कोनी शिकलेला मानूस."

मला वाटतं, त्या पिक्चरबद्दल यापेक्षा नेमकं मला लिहिता येणार नाही. तो टिकतो, पण अर्ध्या जागी. कीर्तनं टिकतात, कारण बाबा देवाबद्दल जे प्रश्न विचारतात ते अजून कोणी उघड विचारलं तर भांडण होतं. बाबांचं मोठेपण सांगायला आलेली जी माणसं अधूनमधून बोलतात ती आता शाळेतल्या भाषणासारखी लागतात.

टिकला की नाही, ते कसं ठरवायचं

हातांकडे पाहा. तोंड नट शिकतो, हात शिकत नाही. शेतातला प्रसंग आला की मी चेहरे सोडतो आणि हात पाहतो. तिफणीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरणारी बाई दाणे बोटांतून सोडते, ओतत नाही. वखरावर उभा राहणारा माणूस बैलांकडे पाहत नाही, खालच्या फासेकडे, म्हणजे पात्याकडे पाहतो. एका पिक्चरात, नाव घेत नाही, नायक गाणं म्हणत तिफण हाकतो आणि मागं गुडघाभर उभं पीक हलतंय. आमच्या शेजारच्या काकू ओरडल्या, "अगं माय, पेरल्याबरोबर उगवलं की काय!" त्यानंतर तो पिक्चर रडवायला लागला तरी कोणी रडेना. एकदा हात खोटे निघाले की माणसाचा विश्वास उठतो, मग रडणंही खोटं वाटतं. तंबूत हे कोणाला दिसलं नव्हतं का? दिसलं असणार. पण तेव्हा पिक्चर म्हणजे पिक्चर होता, त्यात काहीही चालायचं.

भाषेचं दुखणं आपलं जुनंच आहे. मराठी पिक्चरमधलं गाव म्हणजे कोल्हापूर. आलाया, गेलाया, उसाचा फड, तालीम. त्याचं कारणही साधं आहे. प्रभात कंपनी 1929 साली निघाली ती कोल्हापुरात, पुण्याला गेली 1933 ला. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ कोल्हापूरचाच. स्टुडिओ जिथं, आजूबाजूचं गाव तिथलं, बोलीही तिथली. यात कोणाचा कट नव्हता. पण त्यामुळे वऱ्हाडी बोलणारं पात्र पडद्यावर आलं की बहुतेक हसवायला किंवा गडी म्हणून आलं. हा राग पिक्चर पाहताना बाजूला ठेवता येत नाही. ठेवूही नये. तो राग धरूनच एक चाचणी करा, ती माझी सगळ्यात आवडती.

पीक बदलून पाहा. सामनामध्ये गाव साखरेचं आहे. सहकारी कारखान्याचा हिंदुराव, आणि कुठून तरी आलेला एक दारुडा मास्तर, जो एकच गोष्ट विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला पिक्चर. आमच्या तंबूत मात्र लोक बसले नाहीत. ऊस पाहून कंटाळले. आता ओसरीत पाहिला तेव्हा अर्ध्यात मी थांबवला आणि म्हटलं, कारखाना काढून टाका, तिथं कापसाचं जिनिंग ठेवा. ऊस काढा, कापूस ठेवा. आता सांगा.

कोणी काही बोललं नाही थोडा वेळ. मग एक शेतकरी बोलला, आयुष्यभर कापूस लावलेला माणूस. 1972 पासून आपल्याकडं कापसाची एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस सरकारलाच विकायचा. संकलन केंद्रावर दोन-दोन रात्री बंडी लावून रांगेत बसायचं आणि ग्रेडर बोंड हातात चोळून सांगेल तो दर्जा. तो म्हणाला, "मास्तर चुकीच्या गावात गेला. आपल्या गावात आला असता तं त्याले कोनी दारूबी पाजली नसती." आणि मग पुढचा दीड तास ओसरीत कोणी हललं नाही. पीक बदलून पिक्चर उभा राहतो याचा अर्थ तो पिकाबद्दल नव्हताच. अरे संसार संसारला हे करायची गरजच पडत नाही, तिफण आपली, गाणं आपलं, आणि रंजनाला पाहताना बायका बोलणं थांबवतात. पण उत्तरार्धात रडारड एवढी की पोरं उठून पाणी प्यायला गेली आणि मी त्यांना अडवलं नाही. शापितमध्ये पीक बदलत नाही, शब्द बदलायचा. वेठबिगार म्हटलं की आमच्याकडं कोणी हलत नाही. सालगडी म्हणा. गुढीपाडव्याला ज्याचं साल ठरायचं, आणि उचल फिटेपर्यंत दुसऱ्या पाडव्यालाही ज्याला जाता येत नसे, असा एक तरी माणूस ओसरीत असतोच.

हसू कुठं आटतं ते लिहून ठेवा. ज्या विनोदांवर तंबू डोक्यावर घेतला जायचा त्यातले निम्मे आता नुसते जातात. बाकी निम्म्यांवर अजून हसू येतं आणि मग सूनबाईंकडं पाहून ते मधेच थांबतं. एका पिक्चरात नवरा बायकोला थोबाडीत मारतो. मला चांगलं आठवतं, तिथं शिट्ट्या पडायच्या. ओसरीत माझ्या नातीनं, नववीत आहे, विचारलं, "आजोबा, ती काही बोलली काहून नाही?" मी झटकन उत्तर दिलं की तो काळच तसा होता. ते उत्तर बरोबर नाही हे मला देतानाच कळत होतं. तो काळ तसा होताच, पण पिक्चर कोणाच्या बाजूनं होता हा वेगळा प्रश्न. ते ओळखायची खूण ऑपरेटरकडून घ्या: थोबाडीत बसल्यावर पुढचं चित्र कोणाचं आहे ते पाहा. तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबला, तर पिक्चर तिच्या बाजूनं आहे, काळ कसाही असो. लगेच दुसऱ्याचं हसणं किंवा गाण्याची धून आली, तर तो पिक्चर शिट्टी मारणाऱ्यांसाठी काढलेला आहे. त्या रात्री आम्ही मागं नेऊन पाहिलं. धून होती.

दुसऱ्या दिवशी

रात्री निकाल देऊ नका. रात्री सगळे भावनेत असतात किंवा झोपेत. सकाळी पाण्याच्या टाकीवर, नाही तर पारावर विचारा, काय आठवतं? माझ्या वहीत आता गल्ल्याच्या पानाच्या मागच्या बाजूला हेच असतं. समोरच्या पानावर तेव्हाची तिकिटं, मागं आता कोणाला काय आठवलं. आठ दिवसांनीही कोणी न विचारता एखादा प्रसंग काढला तर त्यापुढं टिंब देतो.

पुन्हा एकदा पाहायचा असेल तर अर्धा तास आवाज बंद करून पाहा, आणि दुसरा अर्धा तास भिंतीकडं पाठ करून नुसता ऐका. हे आम्ही दोघांनी शोधलं नाही, आमच्यावर आठ वर्षं लादलेलं होतं. पण त्यानं खरंच कळतं की पिक्चर कशावर उभा आहे. काही नुसते बोलण्यावर उभे असतात, ते ऐकायला नाटकासारखे बरे लागतात आणि चित्र बंद केलं तरी काही बिघडत नाही. सामना दोन्हीकडून उभा राहिला.

सामनाचं एक सांगायचं राहिलं. माझ्या हातून त्याची प्रिंट जळली होती. गेटमध्ये जोडणी अडकली, फिल्म थांबली, आणि ज्योतीच्या उष्णतेनं पडद्यावरचं चित्र मधोमध फुगलं, तपकिरी झालं, विरघळलं. मी शटर पाडलं, जळका तुकडा कापला, दोन्ही टोकं ब्लेडनं खरवडून फिल्म सिमेंटनं, म्हणजे फिल्म चिकटवायच्या गोंदानं जोडली. तीन फूट गेले, म्हणजे दोन सेकंद. मालकानं माझ्या पगारातून पैसे कापले, ते वेगळं. ती प्रिंट महिनाभर आमच्याकडं होती, आणि रोज रात्री त्या जागी चित्र उडी मारायचं.

आता एक बारीक गोष्ट. 35 च्या फिल्मवर आवाज चित्राच्या बरोबर शेजारी नसतो, वीस-एकवीस चित्रं पुढं छापलेला असतो, कारण मशीनमध्ये आवाज वाचणारा भाग गेटच्या खाली असतो. त्यामुळे जोडणी आली की आधी चित्र उडी मारतं आणि जवळजवळ सेकंदानं आवाज. मी चित्र पाहायचो, दारवाला आवाज ऐकायचा.

ओसरीत लावलेली प्रत पूर्ण होती, मीटर मोजून घेतली होती. तरी ती जागा जवळ आली तसा मी न कळत खुर्चीचा हात पकडला. चित्र नीट पुढं गेलं, काहीच झालं नाही, आणि मी दचकलो. वळून पाहिलं तर माझ्या बाजूला दारवाला निवांत बसलेला. मग सेकंदभरानं तोही दचकला.